चाचीच्या संडासातल्या दोन विटा

ही गोष्ट माझ्या बाबांनाही पुरती माहीत नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मित्रांना तर नाहीच. संडासाची गोष्ट आहे, म्हणून सांगितली नाही असं मी स्वतःला समजावत आलो. पण ते खरं कारण नव्हे.

माझे बाबा गवंडी. आमचं गाव कसालपासून आत, पण कामं किनाऱ्यापर्यंत मिळतात. बारावीनंतरच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली होतो. आमच्या घरातला कॉलेजात जाणारा मी पहिला – बाबा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. आमिना चाचीलाही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

चाची खाडीकाठी एकटी राहायची. गुडघे दुखायचे, बाहेर जाणं जमेना, म्हणून घरामागे सरकारी योजनेतून संडास बांधायचा होता. खोली तिने मुद्दाम रुंद करून घेतली. भांडं आडवं बसवता यावं म्हणून, हे मला नंतर कळलं.

भांडं बसवायचं होतं त्या दिवशी बाबा दुसऱ्या कामावर गेले होते. चाची काठी टेकत आली.

“बाबू, भांडा उत्तर-दक्षिण बसव हां. किब्ल्याक तोंड करून बसणत नाय, पाठय करणत नाय.”

“किब्ला म्हणजे खंय गो चाची?”

“जंय तोंड करून नमाज पढतंय ना, थंय. पश्चिमेक. अशा वेळेक त्या दिशेचो मान राखूचो.”

मग ती उंबऱ्यावर बसून आणखी सांगत राहिली. आत जाताना डावा पाय, बाहेर येताना उजवा. आत बोलायचं नाही. अंगावर शिंतोडा उडू द्यायचा नाही. पाणी डाव्या हाताने. “तुझी आजी काय वेगळा शिकवता?” असं म्हणून ती हसली. मला ते सगळं आवडलं होतं. इतक्या खाजगी वेळीही माणूस कुणाचा तरी मान राखतो, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे तिचं सांगणं मी ऐकलं होतं – नीट ऐकलं होतं. विसरलो म्हणायला जागा नाही.

तरीही मी भांडं दाराकडे तोंड करून बसवलं. दार पूर्वेला. सगळीकडे तसंच बसवतो, हात तसाच चालला. कानात गाणी होती. सिमेंट धरल्यावर माझ्या लक्षात आलं – बसणाऱ्याची पाठ थेट पश्चिमेला.

तेव्हा काय करायला हवं होतं? फोडायला हवं होतं. पण भांडं फुटलं असतं तर बाबा काय म्हणाले असते? कॉलेजात जाणाऱ्या मुलाला एवढंही जमलं नाही?

चाची आली. बघत राहिली. मी बोललो – आणि मालवणीत नाही, ओरोसच्या सरकारी कचेरीत बोलतात तशा मराठीत बोललो. “चाची, शासनाच्या नियमानुसार भांडं असंच बसवावं लागतं. पाइपाचा उतार तिकडे आहे.”

“अस्सा काय? मग रवांदे. तू शिकलेलो, तुका कळता.”

संध्याकाळी बाबा आले, एवढ्या रुंद खोलीत भांडं दाराकडे तोंड करून बघून म्हणाले, “तिनाच असा सांगल्यान काय रे?” मी म्हटलं, होय.

पुढच्या वर्षी नळ गळत होता म्हणून मी तिच्याकडे गेलो. आत पाहिलं तर भांड्यावरच्या पाय ठेवायच्या जागा कोरड्या, धूळ धरलेल्या. भांड्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला, आडव्या, दोन विटा. त्या मात्र झिजून गुळगुळीत झालेल्या. गुडघे दुखणारी बाई त्या विटांवर तोल सांभाळत, दक्षिणेकडे तोंड करून बसत होती. एक वीट पायाने दाबून पाहिली. हलत होती. मी नळ बदलला आणि निघालो. का बोललो नाही? मला अजून सांगता येत नाही.

पावसाळ्यात वीट सरकली. चाचीचा डावा हात मनगटात मोडला. बाबांबरोबर भेटायला गेलो तर तिची भाची तिला पेज भरवत होती. चाची म्हणाली, “डावो मोडलो, आता उजव्यानच सगळा करूचा लागता. त्याच हातान घास कसो घेऊ, सांग?” आणि लाजल्यासारखी हसली.

भाची चिडलेली होती. “भांडा असा बसवल्यान कोणी पण?”

“सरकारी नियम आसा तो,” चाची म्हणाली. “ह्यो कॉलेजात जाता, ह्येका इचार.”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मी मान हलवली. होय, नियम आहे.

आधीचं सगळं एखादवेळी घाबरट पोराचं म्हणता येईल. पण ती मान? समोर प्लास्टरातला हात होता आणि मी मान हलवली.

भाचीने नंतर दुसरा गवंडी आणला. त्याने दुपारच्या जेवणाआधी भांडं फिरवून दिलं, पाइपाला हातही लावला नाही. हे मला त्यानेच सांगितलं, गंमत म्हणून. चाची दारात खुर्ची टाकून बघत बसली होती, म्हणाला. म्हणजे तिला त्या दिवशी कळलं.

तिने बाबांना काही सांगितलं नाही. मला काही विचारलं नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिने बसवलं, तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं दिली. हात बरा झालाय, पण मूठ पूर्ण वळत नाही. बाबांची चौकशी केली, आईची केली. तिच्या लाइटबिलावर काहीतरी वेगळं छापून आलं होतं, ती ते डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. मी हात पुढे केला.

“रवांदे,” ती म्हणाली. “पोस्टमन येतलो, तेका दाखवतंय.”

तिने कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि मला आणखी एक बोर दिलं. मी ते खाल्लं.