उलट्या आट्याचा नट

“उलटं! सर, उलटं फिरवताय! छोडो, छोडो उसको!”

चाचा रस्त्यापलीकडून ओरडत येत होते. गाडी घरंगळू नये म्हणून चाकामागं उटी लावायला आणलेले दोन दगड दोन्ही हातांत तसेच होते. आणि मी पंक्चर झालेल्या डाव्या चाकाच्या नटाला लावलेल्या पान्यात तीन फुटी पाईप खुपसून त्यावर उड्या मारत होतो. तीन मारून झाल्या होत्या, चौथीला हवेत होतो. हवेतल्या माणसाला थांबता येत नाही, हे मी वीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतोय. त्यामुळं चौथी बसली. नट एकदा किर्र वाजला आणि गप्प झाला. इतका गप्प की मला वाटलं, आता तो पृथ्वीच्या गाभ्यालाच जाऊन आवळला.

चाचा सोलापुरात शुक्रवार पेठेत माझ्या शेजारी राहतात. त्यांचा टेम्पो माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. मी वैरागला मेहुण्याकडं गेलो होतो आणि चाचांचा टेम्पो सोलापूरला परत निघालाय कळल्यावर एसटीला टांग मारून पुढं त्यांच्याजवळ बसलो. मागं एक मावशी होत्या आणि मावशींचा बोकड होता. काळाकुळकुळीत, कान गुडघ्यापर्यंत, नजर तहसीलदाराची. सोलापुरात जनावरांचं प्रदर्शन होतं. बोकडाची नोंद बाराच्या आत करायची होती, बारा वाजता वही बंद. मावशींनी दोन वर्षं त्याला लेकरासारखं वाढवलं होतं, आणि गावात सगळे म्हणाले होते, ही बाई बोकडाच्या नादाला लागून खुळी झाली. त्यांना तेवढंच खोटं पाडायचं होतं.

पंक्चर झालं तेव्हा सव्वादहा वाजले होते.

चाचा दगड शोधायला गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, “हात नक्को लावू, सर.” आता पान्याजवळ एकटं सोडून फिजिक्सच्या माणसाला ‘हात लावू नको’ म्हणणं म्हणजे बोकडाला पाल्याजवळ बांधून उपास धरायला सांगणं. मी मावशींना समजावलं, की ताकद म्हणजे सगळं नाही, ती नटापासून किती लांबून लावली हेही तेवढंच महत्त्वाचं. ताकद गुणिले अंतर, म्हणजे टॉर्क. पुस्तकात त्याला बलाघूर्ण म्हणतात, पण तो शब्द ऐकून पोरं पाणी प्यायला जातात. मावशी म्हणाल्या, “व्हय का? मग खोला की.” मी खोलायला लागलो.

“या गाडीला डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात,” चाचा धापा टाकत म्हणाले. “चाक पुढं पळतंय ना, त्या फिरण्यानं साधा नट डाव्या बाजूला हळूहळू ढिला होतो. म्हणून या बाजूला उलटा आटा. खोलायचं तर घड्याळाच्या दिशेनं. तुम्ही तर आवळला की जन्माचा!”

मी माझ्या उजव्या हाताचा अंगठा चाकासमोर धरून बघितला. वर्गात याच अंगठ्यानं मी टॉर्कची दिशा दाखवतो. अंगठा माझ्याकडंच बघत होता.

“चाचा,” मी म्हटलं, “टॉर्क तर बरोबर होता ना?”

“हौ,” चाचा म्हणाले, “जोर एकदम बराबर.”

बाकीचे पाच नट चाचांनी सत्तराव्या वर्षी पायाच्या एकेका धक्क्यानं सोडवले. सहावा माझा. त्याला त्यांनी लाथ घातली, तेल पाजलं, दोन-चार दखनी शिव्या दिल्या. मावशी वेळ विचारत नव्हत्या, त्या उन्हाकडं बघत होत्या आणि बोकडाचे कान कुरवाळत होत्या. अकराला दहा कमी होते.

बाजूच्या रानात बोअरचे पाईप काढून ठेवले होते. त्यातला दहा फुटी तुकडा मी आणला, पान्यावर चढवला, यावेळी दुसऱ्या अंगाला. चाचांनी पाना नटावर दाबून धरला, आणि मी पाईपच्या टोकाला जाऊन लोंबकळलो. माझं वजन अठ्ठावन्न किलो. पाईप वाकला, टेम्पो कण्हला, माझे पाय जमिनीपासून वीतभर वर. नट ढिम्म.

“अजून पन्नास-साठ किलो पाहिजेत,” मी लोंबकळत म्हटलं.

जोर लागताना चाचांना पाना सोडता येत नव्हता. मावशी म्हणजे वाळलेली तुरकाटी. चाचांनी आणि मी एकदमच बोकडाकडं बघितलं.

“हात न्हाय लावायचा!” मावशी कडाडल्या. “पाय मोडला तर काय वहीत तुमचं नाव लिवू?”

मावशींनी पुन्हा उन्हाकडं बघितलं, मग बोकडाकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जसं बघितलं तसं परीक्षेतसुद्धा माझ्याकडं कुणी बघितलेलं नाही.

“पाईपवर नीट बसा,” त्या म्हणाल्या. “मी त्याला धरती. पडायचं झालं तर तुमी खाली पडायचं, त्यानं न्हाय. कबूल?”

“कबूल.”

चाचांनी पान्याला घडीभर दगडाचा टेकू दिला आणि मी पाईपवर घोड्यासारखी मांड टाकली. दोघांनी मिळून बोकड माझ्या मांडीवर चढवला, आणि चाचा धावत जाऊन पान्याला भिडले. बोकडाचं वजन मावशींच्या हिशोबानं साठ, माझ्या मांड्यांच्या हिशोबानं दोनशे. त्यानं माझ्या कानात एक दीर्घ श्वास सोडला, चष्मा चाटला, आणि कडाक्! पार बार्शीपर्यंत आवाज गेला असेल. मी पाठीवर आदळलो. मावशींनी बोकडाला माझ्या अंगावरच असं अलगद सावरून धरलं की त्याच्या खुरांना मातीसुद्धा लागली नाही. नट सुटला होता.

स्टेपनी चढवून चाचांनी टेम्पो असा हाणला की वडाळा कधी गेलं ते वडाळ्यालाही कळलं नसेल. आम्ही प्रदर्शनाच्या दारात पोचलो तेव्हा वहीवाला पेनाला टोपण लावत होता. त्यानं बोकड बघितला आणि टोपण पुन्हा काढलं. नोंद झाली.

मग मी तिथल्या तिथं, जमलेल्या दहा-बारा माणसांना, दहा फुटी पाईपचं गणित हातवारे करून समजावलं. दिशेचा भाग थोडक्यात आवरला. शेवटी वळून विचारलं, “काय मावशी, आता कळलं ना, नट कशानं सुटला?”

मावशी पदरानं बोकडाची शिंगं पुसत होत्या.

“बोकड जड हाय माझा,” त्या म्हणाल्या.