टेकवायचा, टाकायचा नाही

आत्याने भाचीच्या डाव्या पायाखाली टोस्ट ठेवला, दातांत धरलेली टाचणी काढली आणि म्हणाली, "पाय टेकव. टाकू नकोस."

भाचीने वॉकर धरून पाय ठेवला. टोस्टचा चुरा. आत्याने तो बशीत भरून तिच्याच पुढे केला. "खा आता. चहाबरोबर हेच."

भाची शाळा सोडून सायकलच्या शर्यतींच्या नादी लागलेली. एका वळणावर तिघी एकमेकींवर आपटल्या, सगळ्यात खाली ही. कमरेखालचं हाड, ज्यावर आख्खं धड तोललं जातं, तेच तुटलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पट्ट्या, स्क्रू बसवले आणि बजावलं, की हाड जुळेपर्यंत डावा पाय नुसता टेकवायचा. वजन टाकलं आणि स्क्रू हलले, तर सायकल विसरायची. भाचीच्या डोक्यात 'टेकवायचा' आणि 'टाकायचा' एकच. घरी येताच भिंत धरून धाडधाड संडासात गेली. आत्याने तिला तशीच उचलून दवाखान्यात नेलं. नशीब, स्क्रू जागेवर होते. तेव्हापासून हा टोस्ट.

आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान. जीभ कात्रीपेक्षा धारदार. तिने भाचीची खाट मशीनमागेच टाकली, पडदा लावला आणि भांडं देण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळं केलं. गिऱ्हाईक विचारायचं, पोरगी कधी बरी होणार? आत्या म्हणायची, तुमची पँट शिवून व्हायच्या आत. भाचीला कधी भरून आलं, ती आभार मानायला लागली, की आत्या कपडा पुढे टाकायची. "रिकामी आहेस ना? काजं कर."

होता होता टोस्ट आख्खा राहायला लागला. वॉकर गेला, कुबड्या गेल्या. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली आणि भाचीचं अवसानच गळालं. मैदानावर जायची, हँडल धरायची, परत यायची.

एके सकाळी आत्या स्वतःच एक जुनाट सायकल चालवत मैदानावर आली. हँडल लटलटत होतं. भाचीला वाटलं, आत्याचं वय झालं.

"बस," आत्या म्हणाली. "माझ्या मागे राहिलीस तर लाज वाटू दे."

भाची आपल्या सायकलवर बसली. आधी ब्रेक दाबत राहिली, मग मागे पडायचा राग आला आणि ती सुसाट पुढे निघून गेली.

पुढे कधीतरी भाचीचे कोच सहज बोलून गेले. भाची खाटेवर होती तेव्हा आत्या पहाटे मैदानावर येऊन पडत-झडत शिकत होती. त्याआधी ती जन्मात सायकलवर बसली नव्हती.