गुठळीमावशीचा फरक

इमारतीतल्या लोकांच्या ती पहिल्यांदा लक्षात आली एका फुटलेल्या गुडघ्यामुळे. जिन्यात एक पोर आपटलं, बायका कापूस आणायला धावल्या, आणि नुकतीच राहायला आलेली ही बाई मात्र पायरीवर बसून, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी त्या जखमेकडे बघत राहिली.

"रडू नकोस. तुझ्या रक्तात जाळं विणून गुठळी करणारं एक प्रथिन आहे. बघ, लागलं कामाला."

पोर रडायचं विसरलं. त्या दिवसापासून ती पोरांची गुठळीमावशी झाली.

त्या प्रथिनावरच तिचं आयुष्य चाललं होतं. रक्तात आहे तोवर ते उपकारी. पण मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी झिरपली आणि ते बाहेर पडलं, तर मेंदूच्या पेशींच्या फांद्या आखडतात, असं तिचं म्हणणं होतं. प्रयोगशाळेत ती काचेच्या बश्यांत पेशी वाढवी. काही बश्यांना रक्तावरचा पिवळसर द्रव जसाच्या तसा मिळे, काहींना त्यातलं प्रथिन काढून. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या मोजत बसे. मोजणाऱ्याची इच्छा मोजणीत शिरू नये म्हणून कुठल्या बशीत काय, हे तिला कळता कामा नये. ते गुपित तिच्या सहकाऱ्याकडे, दादाकडे. प्रत्येक झाकणावर तो निराळ्या रंगाचा ठिपका लावी आणि मोजणी झाली की रंग उलगडून सांगे.

दोघं एकाच दिवशी रुजू झालेली, त्यामुळे कोण मोठं ते ठरलंच नाही. ती त्याला दादा म्हणे, तो तिला ताई. तिच्या आईला तर तो पोटच्या पोरासारखा.

"आधी जेवायला वाढा, मग रंग सांगतो," असं तो हक्कानं म्हणे.

"सांग रे बाबा," आई म्हणे, "नाहीतर ही बया मलाच सूक्ष्मदर्शकाखाली घालील."

फरक दर वेळी ठसठशीत निघे. तिचं नाव झालं, परिषदांना बोलावणी आली. "डोळे माझे, विश्वास दादावर," ती सांगे.

मग एकदा तिच्या हातून चूक झाली. रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेल्या नळ्या असतात. गडबडीत तिनं शेजारच्या खोक्यातल्या कोऱ्या नळ्या घेतल्या. दादानं वरचा द्रव काढून नेला, बश्या भरल्या, तिनं फांद्या मोजल्या, त्यानं रंग उलगडले. निकाल नेहमीसारखा, नजर लागावी असा. दुपारी नळ्या धुवायला घेतल्या, तर तळाचं रक्त ओघळेचना. नळी पालथी केली तशी अख्खी गुठळी सटकून मोरीत पडली.

रक्त गोठलं म्हणजे प्रथिन त्या गुठळीतच संपलं. वरच्या द्रवात ते उरलंच नव्हतं. म्हणजे सगळ्या बश्या सारख्याच होत्या. मग फरक आला कुठून?

"दादा, निळ्या ठिपक्यात काय होतं?"

"प्रथिन. सांगितलं की मघाशी."

"आज कुठल्याच बशीत प्रथिन नव्हतं रे."

त्यानं मोरीतली गुठळी पाहिली आणि स्टुलावर बसला.

"माझी मोजणी बघून रंग ठरवत होतास? कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. फरक होता गं, पण अगदी चिमूटभर. तुझं म्हणणं खरंच होतं, आकडेच आळशी होते. मी नुसतं ढकललं त्यांना. तुझ्यासाठीच केलं, ताई."

"ताई म्हणू नकोस," ती म्हणाली.

घरी तिनं सांगितलं तेव्हा आईनं हातातली पळी खाली ठेवली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "केसानं गळा कापला मेल्यानं. आणि मी त्याच्यासाठी साय बाजूला काढून ठेवत होते."

छापून आलेले सगळे शोधनिबंध तिनं स्वतःच मागे घेतले. दादानं राजीनामा दिला आणि औषधांच्या एका कंपनीत चांगल्या जागेवर गेला. लोक म्हणाले, इतकी वर्षं शेजारी बसून हिला कळलं नाही होय? सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

प्रयोगशाळेतली जागा सोडण्याआधी तिनं तोच प्रयोग पुन्हा केला. ठिपके सांभाळायला दुसऱ्या विभागातली एक अनोळखी बाई बसवली. उन्हाळाभर मोजलं. फरक निघाला. दादा म्हणाला होता तसाच, चिमूटभर, पण दर खेपेला निघाला. म्हणजे तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्यानं धीर धरला असता तर ती तेवढ्या चिमटीवरही उभी राहिली असती. त्यानं खऱ्यालाच खोट्याचे कपडे घातले होते. नवा निबंध तिनं तीन ठिकाणी पाठवला. नाव वाचूनच तो परत आला.

त्या विषयावर पुढे कुणी काम केलेलं नाही. ती आता एका रक्तपेढीत आहे, सकाळच्या पाळीला.