एपिफानिओचे कोम्पाद्रे

ला पासच्या नगरपालिकेच्या पायऱ्यांवर एपिफानिओ चोकेवांका सकाळपासून ठाण मांडून असायचा. कडक इस्त्रीचा कोट, तपकिरी हॅट आणि चेहऱ्यावर मयताला आल्यासारखी सहानुभूती. आत तुमची फाइल हरवायची, बाहेर हा पैसे घेऊन ती शोधून द्यायचा. हरवणारे आणि शोधणारा संध्याकाळी एकाच टेबलाशी बिअर प्यायचे. मी उभा जन्म रंगमंचावर खलनायक रंगवले. पण इतका हलका खलनायक कुणी लिहिला असता, तर भूमिका परत केली असती.

त्याचं भांडवल म्हणजे नातीगोती. आमच्याकडे लेकराच्या केसांना पहिली कात्री धर्मबाप लावतो आणि त्या घराचा जन्माचा कोम्पाद्रे, म्हणजे मानलेला सोयरा होतो. कोम्पाद्रेला नाही म्हणता येत नाही. एपिफानिओच्या पोरांचे केस बांधकाम, पाणी, बाजार, कर अशा खात्यांनी कापले. पोरं संपल्यावर पुतणे पुढे केले.

मग नवे महापौर आले. महापौरांची भाषणं मी पुष्कळ ऐकली होती, म्हणून हसलो. यांनी भाषण केलंच नाही. सगळी टेबलं एका दालनात, लोकांसमोर मांडली. कुणाची फाइल कुणाकडे जाणार, ते चिठ्ठी काढून ठरू लागलं. आणि कोम्पाद्रेच्या फाइलला हात लावायला बंदी. नातं लपवल्याबद्दल बांधकाम खात्याचा साहेबच घरी गेला, तेव्हा बाकीच्यांची स्मरणशक्ती एकदम सुधारली. आमच्या नाट्यगृहाच्या छपराची परवानगी, जिच्यावर एपिफानिओ वर्षानुवर्षं जेवला होता, आठवड्यात हातात पडली.

पुढे जाहिरातींच्या परवान्यासाठी मी रांगेत होतो, तेव्हा हा स्वतःची फाइल घेऊन आत आला. तेंब्लादेरानी वस्तीच्या उतारावर त्यानं विनापरवाना तिसरा मजला चढवला होता. लेक आणि नात तिथेच राहत. परवापर्यंत मंजुरी, नाहीतर मजला उतरवणार.

चिठ्ठी निघाली. "कोम्पाद्रे, मला हात लावता येत नाही हो," पाणी खात्याचा रुफिनो म्हणाला. दुसरी काढली. "माझ्याकडे बघू नका, कोम्पाद्रे!" तिसऱ्यानं तर नुसते हात वर केले. रांग खिदळू लागली.

"अहो, गावभर सोयरे केलेत," मागून एक भाजीवाली म्हणाली, "आता भोगा!"

उरली सेनोबिया लार्रेआ. ओरुरो शहरातून नुकतीच बदलून आलेली, कुणाची कुणी नाही. तिनं नकाशा नीट पाहिला.

"खांब बरे दिसतायत. उद्या येऊन बघते. ठीक असलं तर सही करते."

"उपकार झाले, बाई," एवढं म्हणून त्यानं निघायचं होतं. पण जन्माची खोड! हॅट छातीशी धरून तो वाकला.

"बाई, माझ्या नातीचे केस अजून कापलेले नाहीत. तुम्हीच धर्मआई व्हा."

सेनोबियानं त्याच्याकडे पाहिलं.

"लेकराला नाही कसं म्हणू? येईन." तिनं फाइल मिटून त्याच्याकडे सरकवली. "ही घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे आता मी तुमची कोमाद्रे. या इमारतीत तुमची फाइल उघडणारं कुणी उरलं नाही."

"महापौरांना विचारा की," भाजीवाली म्हणाली, "केस कापायला पुतणा असेल एखादा शिल्लक!"

सेनोबिया शब्दाला जागली. लोकरीचं पांघरूण घेऊन आली, पोरीच्या केसांना पहिली कात्री लावली, चवीनं जेवली. मलाही आमंत्रण होतं; एपिफानिओला पाहुण्यांत नट मिरवायला आवडायचं. वर पालिकेचे गडी पत्रे काढत होते आणि धूळ आमच्या ताटांत पडत होती. लेकीच्या गाद्या अंगणात रचलेल्या होत्या. ती बापाशी बोलत नव्हती. तो मात्र मुकादमाला बिअर ओतून देत विचारत होता, "तुम्हाला लेकरं किती, साहेब?"

मी लेकीला बाजूला घेतलं. नाट्यगृहामागची कपडेपटाची खोली रिकामी होती, ती तिला आणि नातीला दिली.

"मला पण जागा होईल ना तिथं?" एपिफानिओनं विचारलं.

मी पोरीला कडेवर घेतलं आणि चालू लागलो.