पायाखाली कापूस

पुण्याला निघालो तेव्हा आई पेडगावच्या थांब्यावर आली होती. एसटी हलली तशी खिडकीची दांडी धरून म्हणाली, "लेकरा, कुणी कितीबी चढवलं तरी पाय जमिनीवर ठेव."

इतक्या वर्षांत चढवायला कुणी आलंच नाही. गोदामातली नोकरी, कँटीनचा चहा, बिस्किटं आणि वर अ‍ॅसिडिटीची गोळी. ती मी बडीशेपेसारखी खायचो.

तरी मागच्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाला गावी आलो आणि पाय जमिनीला लागेनासे झाले. कापसावर चालल्यासारखं वाटायचं. मांडवात एक चप्पल कधी निसटली कळलंच नाही. एका चपलेवर साऱ्या वऱ्हाडाला नमस्कार करत फिरलो. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. नानाकाकांनी जवळ येऊन तोंडाचा वास घेतला.

"वास तर यायना. पुण्यात बिनवासाची मिळायलीय का रं?"

सगळे हसले, मीही हसलो. आई तेवढी हसली नाही. दुपारी मला पालथं झोपवून तिनं तळव्यांना तेल लावायला घेतलं.

"अंगठा दाबायलेय. लागायलंय का?"

"हो, हो."

"मी हात बी लावला न्हाई अजून."

तिनं तेलाची वाटी बाजूला सारली. मी मनातल्या मनात काठी विकत घेऊन टाकली.

परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच. "तुमचा शाकाहार, त्यात वर्षानुवर्षं त्या गोळ्या. इंजेक्शनं सुरू करू. नसा किती सावरतील, आत्ताच सांगता येणार नाही."

"शहरात समदं मिळतं म्हणायचास की," आई रिक्षात म्हणाली आणि माझा हात घट्ट धरून बसली.

पुण्यात इंजेक्शनं घेत राहिलो. आधी मुंग्या आल्या, मग फरशीचा गारवा कळू लागला.

गाव सोडलेल्यांनो आणि गावात राहिलेल्यांनो, घर कुठं असं विचारलं की मी अजून गोंधळतो. पुण्यात फरशी गुळगुळीत आहे, लेकरं तिथंच वाढली. पण दिवाळीला शेतात अनवाणी गेलो आणि बांधावरचा सराटा टाचेत मोडला. असा ओरडलो की आई खुरपं टाकून धावत आली. माझा पाय मांडीवर घेऊन ती काटा काढत होती, डोळे पुसत होती आणि म्हणत होती,

"वरड अजून. समद्या शिवाराला ऐकू जाऊ दे."