ओपन सोस

माझी शाळा दुसरीतच संपली. मी फोनवर सांगते आणि सून लिहून घेते. मध्येच ती हसत सुटते, मग लिहायचं राहतं.

देवबागेत आमच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या. भरती कधी, ओहोटी कधी ते पाहुण्याला आधीच कळायला हवं. सुनेने आमच्या वेबसाइटवर ते दाखवणारा एक तुकडा बसवला. त्याला म्हणे प्लगइन. आमच्या गावातले खोल्या देणारे सगळे तोच फुकट वापरतात. बनवणारा मात्र नोकरीला लागला आणि तो तुकडा सोडून गेला. मग तो चुकायला लागला. एक पाहुणे जोडपं त्यावर ओहोटी बघून वाळूवर फिरायला गेलं, ते होडीतून परत आलं, चपला डोक्यावर घेऊन!

तेव्हापासून सून तो दुरुस्त करत बसायची. लांबलांबच्या लोकांचेही असे टाकलेले तुकडे होते, ते सगळे हिच्याकडे यायला लागले. शेवटी तिनं मंडळ काढलं. एकेका टाकलेल्या प्लगइनला दोघंतिघं सांभाळणारे मिळवायचे, पगार नाही, हौसेनं. पण मंडळात नावं पुष्कळ आणि हात हिचेच. त्यात सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण, ती माहेरी वालावलीला जाणार. त्याआधी कोणी मिळालं नाही तर तिला बाळंतिणीच्या खाटेवर कॉम्प्युटर घेऊन बसावं लागलं असतं.

रविवारी तिनं मंडळातल्या सगळ्यांना कॉम्प्युटरवर एकत्र बोलावलं. मी तिच्यासाठी तांदळाची पेज घेऊन गेले, तर पडद्यावर चेहरेच चेहरे. ती काकुळतीनं समजावत होती आणि ते सगळे नंदीबैलासारखे माना हलवत होते. मला वाटलं टीव्हीच आहे, बोललं तर कोणाला ऐकू जातंय!

"माना सगळे हलयतत," मी म्हटलं, "हात कोण हलयता?"

"आई, तुमचो आवाज थंय जाता!"

पडदाभर हशा. एक दाढीवाला, पुण्याकडचा असावा, म्हणाला, "आजी, या सगळ्यांसाठी खुल्या कामाला ओपन सोर्स म्हणतात, माहीत आहे का?"

"म्हायत नाय काय? रोज ऐकतंय. ओपन सोस. उघड्यार सोसूचा."

आता तर एकजण खुर्चीवरून खाली गेला. सुनेनं तोंडावर पदर... पदर कुठला, ओढणी धरली. पण मी काही चुकीचं बोलले असं मला वाटलं नाही. नवरा गेला तेव्हा चार पोरं होती. डोक्यावर माशांची पाटी घेऊन फिरले, उपाशीपोटी फिरले, आणि कोणी विचारलं तर 'बरी आसंय' म्हणाले. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

"मी जन्मभर झाकून सोसलंय," मी म्हटलं. "कोणाक कळाकच नाय, मग येतलो कोण? ही तुमका उघड सांगता, जमणा नाय म्हणान. तरी तुमी माना हलयत बसलास? तू गो, निळ्या कपड्यातली! सोमवारी काय करतंस?"

ती बावरली. "काही नाही, आजी."

"मग सोमवार तुझो."

"आणि मी?" दाढीवाला.

"दाढी करूचो येळ वाचता तुझो. मंगळवार घे."

मग काय, बाजारात माशाचा लिलाव चालतो तसं झालं. 'मला गुरुवार', 'मला तो फोटोवाला तुकडा द्या', 'आजी, मला विसरलात!' सून सांगत होती की वार नसतात, असं नसतं हो आई, पण तिचं ऐकतंय कोण! पेज निवून गेली. त्या मंडळाला आता ते 'ओपन सोस'च म्हणतात.

सून वालावलीला गेली आणि कॉम्प्युटर इथेच राहिला, कपाटात. अमावास्येला मी मोबाईलवर आमच्या वेबसाइटवरची भरतीची वेळ बघितली आणि बरोबर त्याच वेळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. पाणी आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं, लुगडं भिजलं, आणि मी एकटीच खुळ्यासारखी हसत सुटले. तिथूनच तिला फोन लावला.

"पाणी येळार इला गो! कोणी केल्यान ह्या सगळा?"

पलीकडून मोठी जांभई आली.

"माका ठावक नाय, आई. मी निजलेलंय."