मरीयामायची भाकर

सातपुड्याच्या पायथ्याचं ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चोपड्याच्या उत्तरेकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. डोंगराकडच्या एका गावाचे पोलीस पाटील धापा टाकत आले आणि दोन खबरा एका दमात सांगून मोकळे झाले.

"साहेब, नालाना उंबरपाशी मरीयामाय दखास म्हणे. ख्रिस्ती वस्तीनी एक बाई रोज सांजले तठे जास. उंबरना पुढे कोणी जावानं नही, मायसाठे भाकर द्या, असं सांगस. आनि दुसरं, एक म्हातारी गायब शे."

चमत्कार म्हटला की माझ्या कपाळाला आठ्या पडत. दर्शन लोकांना, बंदोबस्त आम्हाला! पण दुसरी खबर जड होती. गावात तापाने दोन पोरं दगावली होती, भगताने त्या म्हातारीला डाकीण ठरवलं होतं आणि तिचेच पुतणे काठ्या घेऊन तिला शोधत होते. मला वाटलं, हे शोधणं निव्वळ नाटक आहे. म्हातारीचं प्रेत उंबरापलीकडे पुरलंय आणि ही बाई देवाच्या नावाने त्याची राखण करतेय. त्यात रविवारी सगळं गाव मरीयामाय बघायला उंबरापलीकडे जाणार होतं.

रविवारी सकाळी हवालदार, दोन शिपाई आणि मिशनचे फादर यांना घेऊन मी वस्तीवर पोहोचलो. बाई चाळिशीची, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. आधी गोडीने विचारलं, मग कोठडीची भीती घातली. ती खाली मान घालून गप्प. आतल्या आत मी चरफडत होतो.

फादरही अस्वस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चर्च असं दर्शन लगेच मानत नाही. आणि मला एक खटकतंय. मरीयामातेपुढे आम्ही मेणबत्ती लावतो, फुलं वाहतो, माळेची प्रार्थना करतो. भाकरीचा नैवेद्य आमच्यात नाही. ही जन्मापासून ख्रिस्ती, तिला हे ठाऊक आहे."

मग भाकर खात कोण होतं? मेलेलं माणूस तर नक्कीच नाही. म्हातारी जिवंत होती! मला आनंद झाला आणि लगेच घाम फुटला, कारण उंबराकडे जायला बाहेर जमलेल्या गर्दीत पुतणेही सामील झाले होते. नाल्यात कपारीच कपारी. आम्ही शोधत बसलो असतो तर गर्दीला जागा दाखवल्यासारखंच झालं असतं.

"अक्का, तिला मी जीपने घेऊन जातो. जागा सांग."

तिचे डोळे भरून आले. "कसं सांगू साहेब? तुम्हना हवालदारबी भगतना पाया पडस. तिले मारी टाकतीन. माले आधी मायले इचारू द्या."

हवालदाराने नजर चुकवली. ती भिंतीवरच्या मरीयेच्या तसबिरीपुढे बसली आणि मणी ओढू लागली. बाहेर कालवा वाढला. शिपाई सांगत आला, "साहेब, लोक निघाले." तिला दंडाला धरून उठवावं, असं फार वाटलं. पण ओढून नेली असती तर तिने तोंड उघडलंच नसतं. मी दारात उभा राहिलो. नोकरीत इतका कधी घाबरलो नव्हतो.

ती उठली. "चाला."

"काय सांगितलं मायने?"

"काहीच नही सांगं. पण मन्हं भेव गयं."

बांधाच्या आडोशाने तिने आम्हाला मागच्या बाजूने नेलं. एका कपारीत गोणपाटावर म्हातारी अंगाचं मुटकुळं करून पडली होती. खाकी कपडे दिसताच किंचाळली आणि बाईच्या पदराला बिलगली. दोघींना घोंगडीत गुंडाळून जीपमध्ये बसवलं. जीप वळली तेव्हा काठ्या उंबरापाशी पोहोचल्या होत्या. पुढे भगतावर आणि पुतण्यांवर गुन्हा दाखल झाला, म्हातारीला मिशनने आसरा दिला.

जबाब घेताना मी बाईला विचारलं, खरंच कधी माय दिसली होती का? ती म्हणाली, "म्हातारीले कोठे लपाडू, ते इचारं त्या दिनले दखायनी." ते वाक्य मी जबाबात घेतलं नाही. तिच्या तोंडचं ते पवित्र बोलणं उलटतपासणीत चेष्टेचा विषय झालं असतं.

गप्प बसणारा माणूस गुन्हेगार, असं मी तोवर धरून चालत असे. त्यानंतर कोणी समोर तोंड मिटून बसलं की पहिला प्रश्न मी एकच विचारायचो, "तुला कोणाच्या जिवाची काळजी आहे?"